पेरलेल्या रानातली वाट

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, आप्पांना घेऊन इंग्लंडमधल्या डिडकॉटच्या दक्षिणेला टेकड्यांकडे फिरायला गेले होते, आणि एका शेताच्या तोंडाशी आप्पा जे थांबले ते हलेचनात. लाकडी खांबावर पिवळा बाण, बाण सरळ शेताच्या मधोमध रोखलेला, आणि पुढं नुकतंच पेरलेलं, वरनं रोलर फिरवून चापूनचोपून बसवलेलं रान, पार समोरच्या झाडांच्या ओळीपर्यंत. वाट म्हणून काही दिसतच नव्हती. मी मोबाईलवर नकाशा काढला, त्यातली हिरवी तुटक रेघ दाखवली, म्हटलं आप्पा हीच वाट आहे, सरकारी आहे, चला. ते म्हणाले, "पेरल्यालं रान हाय. त्यात पाय घालायचा नसतो." म्हटलं, अहो इथं चालतं. "चालत आसंल की. मी न्हाई चालणार." आणि हात पाठीमागं बांधून ते कुंपणाच्या कडेकडेनं निघालेसुद्धा. मी हट्टानं बाणाच्या रेषेत मधनं गेले, बुटांना पांढरट चिखल चिकटून दोन्ही पाय जड झाले, पलीकडच्या पायऱ्यांवर बसून राहिले, आणि माझे सत्त्याहत्तर वर्षांचे वडील त्या भल्यामोठ्या शेताच्या तीन बाजू चालून, मधेच वाकून माती उचलून बघत, अगदी निवांत येताना बघत बसले.

मला राग आला होता हे खरं. कशाचा ते मात्र नीट सांगता येईना.

कारण हा महिना मी आप्पा आणि आईसाठी राखून ठेवला होता. पाहुण्यांना लोक जून-जुलैत बोलावतात, लंडन दाखवतात. मी मुद्दाम सप्टेंबरची तिकिटं काढली. इथला उन्हाळा मला कधी फारसा भावला नाही, तो येतो की नाही याच काळजीत निम्मा जातो. पण सप्टेंबर लागला की हवेत काहीतरी बदलतं. सकाळी गवतावर इतकं दव असतं की कुंपणावरचं प्रत्येक कोळिष्टक वेगळं दिसतं, आणि अशी शेकडो असतात, एरवी ती कुठं लपलेली असतात कोण जाणे. दहा वाजेपर्यंत धुकं निघून जातं आणि मग जे ऊन पडतं ते तिरपं, मऊ, भर दुपारीसुद्धा संध्याकाळच्यासारखं. गव्हाची कापणी ऑगस्टमध्ये झालेली असते, त्यामुळे काही शेतांत अजून धसकटं उभी असतात, फिक्या सोनेरी रंगाची, मधे काडाचे मोठाले गोल रूळ पडलेले, आणि शेजारच्याच शेतात नांगरट होऊन पांढुरकी माती वर आलेली. तारांवर स्वॅलो पक्ष्यांची शाळा भरते, किलबिल किलबिल नुसती, आणि एका सकाळी बघावं तर तारा रिकाम्या. ते थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. दिवस रोज साधारण चार मिनिटांनी लहान होत जातो, म्हणजे आठवड्यात जवळजवळ अर्धा तास, आणि हे अंगाला कळतं. संध्याकाळी फिरायला निघताना मनात हिशोब सुरू होतो की परत येईपर्यंत उजेड राहील ना. त्या हिशोबामुळेच बहुतेक, जे दिसतं ते जरा जास्त मन लावून बघितलं जातं.

आणि ब्लॅकबेरी! रस्त्याच्या कडेला, कुंपणात, रेल्वेच्या रुळांशेजारी, कुठंही. लेक आणि मी डबा घेऊन जातो, तिच्या डब्यात कधीच काही जमत नाही, हाततोंड जांभळं होऊन ती रिकामा डबा परत आणते. एका घोसात एकाच वेळी हिरवं, लाल, काळं सगळं असतं. घोसाच्या अगदी टोकाचं फळ सगळ्यात आधी पिकतं आणि तेच सगळ्यात गोड, बाकीची मागनं येतात पण ती गोडी येत नाही. हात लावल्या लावल्या जे हातात येतं ते घ्यायचं, ओढावं लागलं तर सोडून द्यायचं. इथले जुने लोक सांगतात की मायकेलमसनंतर ब्लॅकबेरी तोडू नये, सैतान त्यावर थुंकतो. मायकेलमस म्हणजे २९ सप्टेंबर, पण १७५२ मध्ये इथलं कॅलेंडर बदललं त्याच्या आधीच्या हिशोबानं ती तारीख १० ऑक्टोबरच्या आसपास येते, त्यामुळे सैतानाला नेमकं कुठलं कॅलेंडर चालतं यावर दोन पक्ष आहेत. थुंकण्याचं सोडा, पण ऑक्टोबरात ती फळं पाणचट होतात, बुरशी धरते, माश्या बसतात हे खरंच आहे. आईनं त्यांचा वेलची घालून मुरंबा केला. क्रम्बल, म्हणजे फळांवर पिठाचा चुरा घालून भाजतात ते, तिला आवडलं नाही, "वर नुसता शिरा करपल्यासारखा लागतो" म्हणाली.

आप्पांनी ब्लॅकबेरी दोन खाल्ल्या आणि बिया दातात अडकतात म्हणून सोडून दिल्या. मी दाखवेन ते ते बघत नव्हते. रिजवेवर नेलं, इतिहासाच्या आधीपासून माणसं चालत आलेली ती चुनखडीची पांढरी वाट, एव्हबरीजवळून आयव्हिंगो बीकनपर्यंत ८७ मैल जाते. म्हटलं आप्पा, या वाटेवरनं हजारो वर्षं माणसं गुरं हाकत गेलीयेत. "व्हय का," म्हणाले आणि कुंपणातल्या एका वेलीपाशी थांबले. तिला पिसासारखे पांढरे झुपके आले होते, उन्हात चमकत होते. "ही मोरवेल हाय." मी म्हटलं नाही आप्पा, याला इकडं म्हाताऱ्याची दाढी म्हणतात. त्यांनी पान उलटून बघितलं, देठ बोटाला गुंडाळून बघितला. "म्हाताऱ्याची दाढी आसंल नायतर म्हातारीचे केस, मोरवेलच हाय." घरी येऊन शोधलं तर दोन्ही क्लेमॅटिसच निघाल्या, जात तेवढी वेगळी. मग वर घारी फिरायला लागल्या, तांबूस, शेपटीला खोल खाच असलेल्या, त्यांची ती लांबलचक शीळ. त्या त्यांना आवडल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात लोकांनी मारून मारून ही घार संपवली होती, वेल्समध्ये थोड्या उरल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्न टेकड्यांत सोडली, आता आमच्या घराच्या वरसुद्धा दिवसभर असतात. आप्पा म्हणाले, "म्हंजे ह्या बी तुमच्यागत भायरनं आल्यात." यावर काय बोलणार.

पण ते शेत डोक्यातनं जाईना. रात्री मी उगाच कायदा वाचत बसले, वाद जिंकायला म्हणून. तर असं आहे की इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटा मिळून साधारण सव्वादोन लाख किलोमीटर भरतात, आणि त्यातल्या कितीतरी लोकांच्या खासगी शेतांतून, गोठ्यांशेजारून, कधी कुणाच्या परसातून जातात. १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक कौंटीला, म्हणजे जिल्ह्याला, या वाटांची नोंद असलेला नकाशा करायला लावला. नकाशावर वाट आली की ती आली, शेतमालक बदलो, पीक बदलो. आणि नांगरटीचाही नियम आहे, तो फार सुंदर आहे. शेताच्या कडेची वाट असेल तर ती नांगरायचीच नाही. मधनं जाणारी असेल आणि नाइलाज असेल तर नांगरा, पेरा, पण १४ दिवसांच्या आत ती निदान एक मीटर रुंद, चालता येईल अशी परत करून द्या. म्हणून इथं ऑक्टोबर उजाडला की पेरलेल्या शेतांतून एक बारीक सरळ रेघ दिसायला लागते. कोणी ट्रॅक्टरच्या चाकानं दाबून काढतो, कोणी आलेल्या पिकात तणनाशक फवारून. चालणारे त्याच रेघेवरनं चालतात आणि दोन आठवड्यांत ती घट्ट होते. जिथनं वाट आहे तिथनंच चालायचा हक्क आहे, शेतभर फिरायचा नाही. म्हणजे त्या दिवशी कायद्यानं बघितलं तर पेरलेलं तुडवत गेलेली मी बरोबर होते, आणि पिकाला धक्का न लावता कडेनं गेलेले आप्पा दुसऱ्याच्या जमिनीत घुसले होते.

सकाळी मोठ्या उत्साहानं त्यांना हे सांगितलं. चहा पीत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आन् त्या येका मीटरचं बी त्यानं कुठनं भरायचं?"

आमच्याकडं कोरेगाव तालुक्यात वाट बांधावरनं जाते, रानातनं नाही. कायदासुद्धा तेच म्हणतो, महसूल संहितेचं कलम १४३, तहसीलदार वाट देतो ती दुसऱ्याच्या हद्दीवरनं, बांधावरनं. हे कलम मला पाठ आहे कारण माझं निम्मं बालपण त्या केसमध्ये गेलं. आमच्या खालच्या पट्टीला जायला भावकीच्या बांधावरनं जावं लागायचं, आणि दरवर्षी तो बांध बोटभर, वीतभर बारीक व्हायचा, दोन्हीकडनं नांगर लागायचा. मग एका पावसाळ्यात त्यांनी वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. आप्पा तारखांना तालुक्याला जायचे, परत येताना आम्हाला भेळ आणायचे, त्यामुळे तारीख म्हटलं की आम्ही पोरं खूश. निकाल आमच्यासारखा लागला, वाट मिळाली, आणि त्यानंतर त्या घरातल्या माझ्या वयाच्या मुलीशी मी शाळेत कधी बोलले नाही. बैलगाडी जाईल एवढी वाट होती ती. आता तिथनं ट्रॅक्टर जातो म्हणे, मी बघितलेली नाही. खरं तर आमच्या रानात मी कामाशिवाय कधी गेलेच नाही. भांगलायला, डबा द्यायला, मोटर चालू करायला. रानात नुसतं चालायला जायचं, झाडं बघायला, हे गावात कोणी केलं असतं तर त्याच्या घरी निरोप गेला असता. आणि इथं मी महागाचे बूट घालून, पाठीला सॅक लावून, दर रविवारी लोकांची रानं तुडवते आणि माझ्या जिवाला शांत शांत वाटतं. माहेरच्या मातीत जे कधी जमलं नाही ते परक्याच्या शेतात जमतं, याचं सुख मानावं की लाज वाटून घ्यावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बरं, ही इथली सुंदर कुंपणंसुद्धा काही सरळ नाहीत. ज्या कुंपणांतल्या हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या लालभडक फळांचे मी फोटो काढते, ज्यांच्यात ब्लॅकबेरी आणि जंगली गुलाबाची फळं आणि ती निळी-काळी तुरट स्लो फळं असतात, त्यातली पुष्कळ कुंपणं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लावलेली आहेत. पार्लमेंटनं एकेका गावासाठी कायदे केले, असे हजारो, आणि गावाची सामाईक रानं, गायरानं मोजून, वाटून, कुंपणं घालून बड्या लोकांच्या नावावर झाली. ज्यांची दोन शेरडं त्या गायरानावर चरायची ते उघड्यावर पडले आणि शहरात गेले. पुढं त्याच शहरांतली गिरणीकामगारांची पोरं रविवारी डोंगरात जायला लागली तर तिथं जमीनदारांचे रखवालदार काठ्या घेऊन उभे, कारण डोंगर त्यांच्या शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेला. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो तरुण ठरवून किंडर स्काउट नावाच्या अशाच एका डोंगरावर घुसले. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा पुढारी. पाच जणांना तुरुंगात टाकलं. मोकळ्या डोंगरांवर हवं तिथं फिरायचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं, तोही इंग्लंडच्या जवळपास ८ टक्केच जमिनीवर. स्कॉटलंडवाले पुढं गेले, २००३ च्या कायद्यानं तिथं नीट वागलात तर जवळपास कुठंही फिरता येतं. हे सगळं मी आप्पांना सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. गायरानाचं त्यांना लगेच कळलं. "आपल्याकडं बी आसंच गेलं, फकस्त पवनचक्क्यांत गेलं."

मधे एक दिवस अफिंग्टनचा पांढरा घोडा बघून आलो, टेकडीच्या उतारावर चुनखडीनं काढलेला, ११० मीटर लांब, तीन हजार वर्षं जुना. जवळ गेलं की नुसते पांढरे पट्टे दिसतात, अख्खा घोडा काही दिसत नाही. आईनं विचारलं मग एवढ्या वर कशाला आणलंस. आप्पांना मात्र त्याची एक गोष्ट पटली, की लोकांनी पिढ्यान् पिढ्या तो घासूनपुसून, नवी चुनखडी ठोकून टिकवलाय, नाहीतर थोड्या वर्षांत गवताखाली गेला असता. अजूनही स्वयंसेवक गुडघ्यावर बसून हातोड्यानं चुनखडी ठोकतात. "मजुरी न घेता?" "न घेता." "बरं."

ते परत जायच्या आधी एकदा पुन्हा त्या टेकड्यांकडे गेलो, दुसऱ्या बाजूनं. ऑक्टोबर लागला होता, बीचच्या झाडांची पानं कडेनं तांबडी व्हायला लागली होती, फेझंट कोंबड्यांची शिकार १ ऑक्टोबरला सुरू होते त्यामुळे लांबून बारांचे आवाज येत होते आणि ते खुळे पक्षी तरी रस्त्याच्या मधोमध उभे. एका फाटकाशी ट्रॅक्टर थांबलेला, पेरणीचं यंत्र जोडलेलं, आणि साठीचा एक माणूस वाकून त्यात काहीतरी खटपट करत होता. मी नेहमीसारखं गुड मॉर्निंग म्हणून पुढं निघाले, तर आप्पा थेट त्याच्या यंत्रात डोकं घालून उभे. इंग्रजी येत नाही, पण बी कुठनं पडतं, किती अंतर, हे दोघांनी बोटांनीच बोलून घेतलं. मग आप्पांनी रानातली माती मुठीत घेतली, दाबली, उघड्या तळहातावर अंगठ्यानं फोडली. ढेकूळ दोन ठिकाणी फुटलं आणि भुरभुरलं. "वाफसा चांगलाय, म्हणावं, आज पेरून घे, उद्या वलं हुईल." मी सांगितलं. तो माणूस आकाशाकडं बघून म्हणाला, तेच चाललंय, दुपारपर्यंत संपवायचंय. आणि तरी तो पुढची वीस मिनिटं बोलत उभा राहिला.

गहू ऑक्टोबरात पेरतात आणि ऑगस्टात कापतात हे ऐकून आप्पांना धक्काच बसला. "धा म्हयनं? येकाच गव्हाला?" आमच्याकडं चार महिन्यांत गहू घरात येतो. मग एकरी किती, तर चांगल्या सालात ३२ क्विंटलच्या आसपास, हे मी हेक्टरचा एकर आणि टनाचे क्विंटल करून सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प. मग भाव विचारला, खताचा दर विचारला. त्या माणसानंही रडगाणं लावलं, युरोपियन युनियनमध्ये असतानाचं हेक्टरी अनुदान २०२१ पासून कमी करत आणलंय, पाऊस नको तेव्हा पडतो, कॉम्बाइनचा एक पार्ट केवढ्याला येतो, लोक कुत्री मोकळी सोडतात. आप्पा मान डोलवत ऐकत होते, कळल्यासारखे, आणि मला म्हणाले, "रडतोय आपल्यागतच, पर सहाशे येकरावर रडतोय."

मग कळलं की त्या सहाशे एकरांतलं एकसुद्धा त्याचं नाही. जमीन एका जुन्या कॉलेजची, त्याच्या आजोबांनी खंडानं घेतलेली. जुन्या पद्धतीचा करार असल्यानं तो वडिलांकडं आला, मग याच्याकडं. कायद्यानं असा वारसा दोनदाच मिळतो, याच्यापाशी संपला. मुलीला शेती करायचीय, पण तिला नवा करार करावा लागेल, बाजारभावानं, थोड्या वर्षांचा, तोही कॉलेजनं दिला तर. हे मी सांगत असतानाच आप्पांचा चेहरा बदलला. "कूळ हाय व्हय हा!" आणि मग जे ते सुटले, मला मधे थांबून भाषांतर करायलाही वेळ देईनात. आमचे आजोबाही कूळ होते. साताऱ्यातल्या एका घराण्याची जमीन कसायचे, निम्मा माल त्यांच्या घरी पोचवायचे. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्यानं कसणारा मालक झाला, किंमत ठरवून दिली, ती हप्त्याहप्त्यानं भरली, शेवटचा हप्ता भरायला आजी पाटल्या मोडून पैसे देती झाली आणि सातबारा नावावर झाला. आप्पा तेव्हा अगदी लहान, पण उतारा घेऊन आजोबा घरी आले आणि तो देवापुढं ठेवला एवढं त्यांना आठवतं.

तो माणूस ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून ऐकत होता. सरकारनं सगळ्या कुळांना दिली? म्हटलं सगळ्यांना नाही, पुष्कळांना. आणि मालक गप्प बसले? म्हटलं नाही बसले, कोर्टात गेले. तो हसला, कॉलेजच्या दिशेला, म्हणजे ऑक्सफर्डकडं, एकदा बघितलं आणि म्हणाला, तुझ्या वडिलांना विचार, हा अर्ज मिळतो कुठं?

आप्पांनी प्रश्न अगदी गंभीरपणे घेतला. "त्याला म्हणावं, आधी पीकपाण्याला नाव हाय का बघ. नाव आसंल तर तलाठ्याला भेट. आन् येकटा जाऊ नको म्हणावं, चार जनं घिऊन जा."